केसांना कळते हवा

जून महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा असतो. शाळा नुकतीच सुरू झालेली असते. सकाळी घरून निघताना तुम्ही केस नीट विंचरता, थोडे पाणी लावून चापूनचोपून बसवता. कॅम्पातून, गंज पेठेतून किंवा कोंढव्यातून शाळेत पोहोचेपर्यंत पाऊस पडलेलाही नसतो; आभाळ फक्त भरून आलेले असते. तरी वर्गात बसल्यावर शेजारची मैत्रीण विचारते, "अगं, आज केस विंचरले नाहीस का?" हात लावून पाहावे तर कपाळावरचे केस वर उठलेले, कानांमागचे वळलेले, आणि वेणीतून बारीक बारीक केस बाहेर डोकावणारे!

ज्यांचे केस जाड आणि सरळ आहेत त्यांना हा अनुभव फारसा येत नाही. ज्यांचे केस बारीक, मऊ आणि किंचित लहरी आहेत, त्यांना तो दरवर्षी येतो. हा पाठ मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. मुलांनीही तो वाचावा. पुढे एक यंत्र आहे, ते कोणालाही घरी बनवता येईल.

आधी मी माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. तिचे केस असेच होते. जुलैच्या एका सकाळी मी तिच्या वहीत शेरा लिहिला, "केस व्यवस्थित बांधून येणे." दुसऱ्या दिवशी ती आली, ती डोक्यावर भरपूर तेल थापून आणि वेणी दोरीसारखी घट्ट आवळून. मला बरे वाटले. त्यानंतर ती रोज तशीच येऊ लागली. दिवाळीच्या सुट्टीआधी तिची अम्मी मला भेटायला आली. "मॅडम, ही रोज अर्धा तास आधी उठते," ती म्हणाली. "केस पाण्याने भिजवते, ओढून ओढून वेणी घालते आणि तशाच ओल्या केसांवर स्कार्फ बांधते. आता डोके दुखते म्हणते. आणि हे पाहा." तिने मुलीच्या कपाळाच्या कडेचे केस बाजूला केले. तिथे केस विरळ झाले होते. त्वचा दिसत होती.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. केस अस्ताव्यस्त का होतात हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसताना मी शेरा मात्र लिहिला होता. तेव्हापासून मी केसांविषयी वाचू लागले, डॉक्टरांना विचारू लागले. जे कळले ते इथे लिहीत आहे.

पण प्रथम एका शब्दाची गंमत. तुम्ही घरी ज्याला 'बाल' म्हणता, त्याला मराठीत 'केस' म्हणतात. मराठीत 'बाल' म्हणजे लहान मूल. तेव्हा "माझे बाल गळतात" असे मराठीत म्हटले, तर ऐकणारा घाबरून जाईल! तरीसुद्धा उर्दूतला 'बाल' मराठीत एका ठिकाणी येऊन बसला आहे. अपघातातून कोणी थोडक्यात वाचला, तर आपण म्हणतो, तो 'बालंबाल बचावला'. तुमच्याकडची म्हातारी माणसे "हमने ये बाल धूप में सफ़ेद नहीं किए" असे म्हणतात ना? मराठी आजोबाही तेच म्हणतात, "हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत." आणि ज्या केसांना वर्गात आम्ही अस्ताव्यस्त म्हणतो, त्यांनाच उर्दू शायर 'खमदार' म्हणतात आणि त्यांची तारीफ करतात. शायरांनी मुलींच्या वहीत शेरे लिहिले असते, तर बरे झाले असते.

आता केसाकडे पाहू. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. रोज पन्नास ते शंभर केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. म्हणून कंगव्यात चार केस दिसले तर घाबरू नये. केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि तेवढेच जिवंत असते. बाहेर दिसणारा केस नखासारखा निर्जीव असतो. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. निर्जीव असल्यामुळे तो मोडला किंवा जळला, तर जखमेसारखा आपोआप भरून येत नाही. तेलाने केसाला 'खाऊ' मिळतो असे जे सांगतात, ते खरे नाही. केसाला अन्न मिळते ते मुळाशी, रक्तातून. म्हणजे आपण डाळ, अंडी, पालेभाजी आणि फळे खातो त्यातून.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ खवले असतात. खवले मिटलेले असले म्हणजे केस गुळगुळीत वाटतो आणि चमकतो. खवले उचलले गेले म्हणजे एक केस दुसऱ्यात अडकतो आणि गुंता होतो. इथे दोन शब्द नीट समजून घ्या. 'बारीक' केस म्हणजे ज्याची जाडी कमी आहे असा केस. 'विरळ' केस म्हणजे डोक्यावर संख्येने कमी असलेले केस. एखाद्या मुलीचे केस बारीक असूनही दाट असू शकतात. लोक या दोन्हींना 'पातळ केस' म्हणतात आणि मग जे उपाय एकाला हवेत ते दुसऱ्याला करतात.

केराटिनच्या लांब साखळ्या एकमेकींना दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. काही बंध पक्के असतात. केस सरळ असावा की लहरी, हे मुख्यतः मुळाच्या आकारावर आणि या पक्क्या बंधांवर ठरते. दुसरे बंध मात्र कच्चे असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून ती वाळल्यावर सोडली, तर केसांना लाटा पडतात हे तुम्ही पाहिले असेल. ते याच कच्च्या बंधांचे काम आहे.

पाणी म्हणजे नळाचेच असे नाही. हवेतही पाण्याची वाफ असते. पावसाळ्याच्या तोंडाशी ती वाढते. केस ती वाफ शोषून घेतो, थोडा फुगतो, थोडा लांब होतो, आणि त्याचे कच्चे बंध सुटून नव्या जागी जुळतात. मग प्रत्येक केस आपल्या मूळ वळणावर जातो. एकजण डावीकडे, तर दुसरा उजवीकडे! बारीक केस वजनाला हलका असतो, म्हणून तो चटकन वर उठतो. जाड केस स्वतःच्याच भाराने खाली राहतो. तुमच्या त्या मैत्रिणीला सांगा, "मी केस विंचरले होते. हवा बदलली."

केस हवा ओळखतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी फार पूर्वी हेरली. जिनिव्हाचे एक शास्त्रज्ञ होते, ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर. पर्वत चढण्याचा त्यांना नाद होता. हवेतला दमटपणा, म्हणजेच आर्द्रता, मोजण्यासाठी त्यांनी माणसाचा केस वापरला. आधी तो सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातला तेलकटपणा काढून टाकला, मग तो ताणून एका काट्याला जोडला. १७८३ साली त्यांनी या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. हवा अगदी कोरडी असताना केसाची जी लांबी असते, ती हवा वाफेने पूर्ण भरली म्हणजे शेकडा दोन ते अडीचने वाढते. वाढ एवढीशीच, पण ती दर वेळी होते. सोस्यूर यांच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे जगभरच्या वेधशाळांत केसाचे आर्द्रतामापक चालू राहिले.

आपल्या पुण्यातही ते होते. शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' नावाची जुनी दगडी इमारत आहे. बसने जाताना त्या चौकाचे नाव तुम्ही ऐकले असेल. पुण्यात शिमला कसे आले? भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्याचे मुख्य कार्यालय आधी कलकत्त्याला होते, नंतर शिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये तिथून पुण्यात आले. शिमल्याहून आले म्हणून लोक त्याला शिमला ऑफिस म्हणू लागले. १९४४ मध्ये मुख्य कार्यालय दिल्लीला गेले, पण पुण्याचे काम थांबले नाही आणि नावही बदलले नाही.

वेधशाळेच्या हिरवळीवर पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी उभी असते. आत हवा खेळते, पण ऊन आणि पाऊस शिरत नाही. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या अभियंत्याने ती शोधून काढली, म्हणून तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. (समुद्री चाच्यांच्या खजिन्याची प्रसिद्ध गोष्ट लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचेच चिरंजीव.) अशा मोठ्या पेटीत केसांच्या जुडग्याचे यंत्र ठेवलेले असे. हवा दमट झाली की केस लांबत आणि त्यांना जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर वर चढे. हवा सुकली की लेखणी खाली उतरे. दिवसभराच्या हवेची गोष्ट केस स्वतःच लिहून काढत! आता बहुतेक ठिकाणी ही मोजणी विजेवर चालणारी उपकरणे करतात.

पूर्वी अशी अनेक उपकरणे परदेशांतून आणावी लागत. ती आपल्या देशात बनावीत म्हणून ज्यांनी पुण्यात राहून काम केले, त्यांत ॲना मणी यांचे नाव मोठे आहे. त्यांचा जन्म १९१८ मध्ये केरळात झाला. इंग्लंडमध्ये उपकरणांचा अभ्यास करून त्या १९४८ साली परतल्या आणि पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी पक्के करून घेतले आणि ती इथेच तयार होऊ लागली. त्या काळी अशा कामात स्त्रिया फारच थोड्या होत्या.

पुण्याची हवा मोजायला अवघड का, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता शेकडा वीसच्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टच्या सकाळी ती शेकडा पंच्याऐंशीच्या वर जाते. मे महिन्यात दुपारी चाळीस अंश ऊन, आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस! एकाच दिवसात केसांना दोन ऋतू सोसावे लागतात. 'मोसम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. अरबी 'मौसिम' वरून तो उर्दूत आला, मराठीतही आला, आणि पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन त्याचा 'मान्सून' झाला.

आता पावसाळ्यात काय करावे ते पाहू, कारण खरा त्रास तेव्हाच होतो.

पहिली गोष्ट, लहरी केस कोरडे असताना विंचरू नका. कोरडे विंचरले की लाटा मोडतात, केस सुटे होतात आणि पिंजलेल्या कापसासारखे दिसतात. केस किंचित ओलसर असताना मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरा. गुंता खालच्या टोकापासून सोडवायला सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. वरून कंगवा ओढला तर सगळा गुंता खाली जाऊन बसतो आणि केस तुटतात. ओला केस ताणला जातो, म्हणून हात हलका हवा. दुसरी गोष्ट, टॉवेलने केस खसाखसा पुसू नका. टॉवेलचे धागे केसाचे खवले उचकटतात. घरातला जुना, मऊ सुती कुर्ता किंवा ओढणी घ्या. डोके पुढे झुकवा, केस कापडात गोळा करा आणि मुठीने नुसते दाबा. चोळायचे नाही. दाबल्याने पाणी निघते आणि लाटा जागच्या जागी राहतात. मग केस मोकळे सोडून वाळू द्या. ते वाळत असताना सारखा हात लावू नका. हे सर्वांत अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

पावसाळ्यात केस वाळायला वेळ लागतो. म्हणून डोके सकाळी शाळेच्या घाईत न धुता संध्याकाळी धुवावे. रात्री झोपेपर्यंत केस वाळतात. झोपताना सैल वेणी घातली, तर सकाळी केस फार विस्कटत नाहीत आणि लाटाही नीट पडतात.

तेलाविषयी घराघरात मतभेद असतात, आणि आजीशी वाद घालू नये. पण बारीक केसांना तेल थोडेच लागते. जास्त लावले की केस चिकटून डोक्याला बसतात, धूळ ओढतात, आणि ते काढण्यासाठी पुन्हा जास्त धुवावे लागते. खोबरेल तेल काही प्रमाणात केसाच्या आत शिरते आणि धुताना प्रथिनांचा नाश कमी करते. म्हणून डोके धुण्याआधी तासभर ते केसांच्या लांबीला लावणे चांगले. धुऊन झाल्यावर मात्र तळहातावर दोन-तीन थेंबच घ्या, हात एकमेकांवर चोळा आणि ओलसर केसांच्या टोकांवरून फिरवा. मुळाशी नको.

स्वयंपाकघरातली एक वस्तू पावसाळ्यात फार उपयोगी पडते. ती म्हणजे जवस. तुम्ही तिला अलसी म्हणता. दोन मोठे चमचे जवस दीड कप पाण्यात मंद आचेवर शिजवा आणि ढवळत राहा. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे बुळबुळीत झाले की लगेच उतरवा आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळा. गार झाल्यावर ते गाळता येत नाही; मी एकदा पूर्ण भांडे वाया घालवले आहे. चुलीजवळ मोठ्या माणसाला बरोबर घ्या. हे बुळबुळीत पाणी ओल्या केसांना लावून केस मुठीत हलकेच वर दाबा. वाळल्यावर केसांवर पातळ पापुद्रा तयार होतो. हवेतली वाफ मग केसात लवकर शिरत नाही. केस कडक वाटले तर वाळल्यानंतर बोटांनी हळूच मोकळे करा. फ्रिजमध्ये हे आठवडाभर टिकते. वास बदलला की फेकून द्यावे. ज्यांच्या घरी जवसाची चटणी होते, त्यांनी चटणीपुरते जवस ठेवूनच हा प्रयोग करावा!

पाऊस सरला की ऑक्टोबरचे ऊन येते. घाम वाढतो, तेव्हा डोके आठवड्यातून दोनदा धुतले तरी चालते. थंडीत हवा कोरडी असते आणि कडकडीत पाण्याने आंघोळ करावीशी वाटते. केसांना मात्र कोमट पाणीच घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत वेगळाच प्रकार होतो. कंगवा फिरवला की केस त्याच्यामागे उडतात. कोरड्या हवेत प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला की विद्युतप्रभार तयार होतो. विज्ञानाच्या तासाला कंगव्याने कागदाचे कपटे उचलता, तेच हे. लाकडी कंगव्याने हा त्रास कमी होतो. तुळशीबागेत तो मिळतो.

डोके कशाने धुवावे? 'शांपू' हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो गेला आपल्याकडून. 'चांपणे' म्हणजे दाबणे. डोक्याची 'चंपी' त्यातलीच. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन मुहम्मद आयर्लंडला गेले. १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. नंतर इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी समुद्रकाठी त्यांनी वाफेची स्नानगृहे काढली. तिथे ते लोकांची चंपी-मालिश करीत. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज हाही त्यांच्याकडून उपचार घेई. तेव्हा शांपू म्हणजे मालिश होती. पुढे त्याचा अर्थ डोके धुणे असा झाला, आणि मग डोके धुण्याच्या द्रवालाच ते नाव पडले.

अंगाचा साबण केसांना लावू नये. साबण अल्कधर्मी असतो, त्याने खवले उघडतात. शिवाय पाणी कोणते आहे हेही पाहावे. खडकवासल्याहून नळाला येणाऱ्या पाण्यात साबणाचा फेस चांगला होतो. असे पाणी सुफेन. विंधन विहिरीचे किंवा टँकरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यातल्या क्षारांशी साबणाचा साका होतो, तो केसांवर बसतो आणि केस राठ होतात. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस साबणाचा नसतो, त्यामुळे असा साका होत नाही. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत दोन्ही मिळतात. आठ-दहा रिठे रात्री भिजत घाला, सकाळी उकळून कुस्करा आणि पाणी गाळून घ्या. शिकेकाईची पूड तशीच थापू नका. बारीक केसांत तिचे कण अडकून बसतात. तिचेही गाळलेले पाणीच घ्या. दोन्ही वेळी डोळे घट्ट मिटा. रिठ्याने डोळ्यांची किती आग होते, हे सांगून समजत नाही. साधा सौम्य शांपू वापरला तरी काही बिघडत नाही. तो थोडा घ्या आणि फक्त टाळूला चोळा.

आता स्कार्फविषयी. पुण्यात सगळेच स्कार्फ बांधतात. कोणी पडद्यासाठी बांधते, कोणी स्कूटरवर धूळ-धूर लागू नये म्हणून तोंड झाकून घेते, आणि मुलगे हेल्मेट घालतात. झाकल्याने केसांचे नुकसान होत नाही. उन्हापासून आणि धुळीपासून त्यांचे रक्षणच होते. नुकसान होते ते ओले केस झाकल्याने आणि घट्ट बांधल्याने. ओल्या केसांवर कापड तासन्‌तास राहिले की टाळूवर दमटपणा साचतो, खाज सुटते, वास येतो आणि कोंडा वाढतो. केस पूर्ण वाळल्यावरच स्कार्फ बांधा. आतले कापड सुती असू द्या. रोज एकाच जागी आवळून अंबाडा बांधू नका; कधी वर, कधी खाली बांधा. पुडीला लावायचे रबर केसांना लावू नका, कापडी बंद वापरा. घरी आल्यावर केस सोडा आणि बोटांनी टाळू हलकेच चोळा.

एक गोष्ट मात्र मी रागावूनच सांगते. केस सरळ करण्यासाठी काही मुली कपड्यांच्या इस्त्रीखाली केस धरतात. हे कधीही करू नका. डोळा आणि गाल भाजण्याची भीती तर आहेच. पण केसातले पाणी एकदम उकळून केस आतून फुटतो, आणि तो पुन्हा सांधत नाही. केसांची वेगळी इस्त्री मिळते, तीही दीड-दोनशे अंशांपर्यंत तापते. एवढे सोसून मिळते काय? इस्त्रीने फक्त कच्चे बंध बदलतात. शाळेच्या फाटकापाशी पावसाची पहिली भुरभुर आली, की केस पुन्हा आपल्या वळणावर!

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. डॉक्टरांनी तिला औषध जवळजवळ दिलेच नाही. रोजच्या ताणाने केसांची मुळे दुखावली आहेत, असे ते म्हणाले. वेळेवर ओढणे थांबवले तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढत राहिले, तर ती जागा कायमची उघडी पडते. तिने सैल वेणी घालायला सुरुवात केली. मी तिच्या वहीतला शेरा खोडला आणि खाली सही केली. नववीत जाईपर्यंत कपाळाच्या कडेला नवे केस आले होते. ते अर्थातच लहरी होते आणि पावसाळ्यात उभे राहत!

त्याच वर्षी आमच्या वर्गाने केसाचे आर्द्रतामापक केले. तुम्हीही करा. कंगव्यात निघालेला वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबीचा एक केस घ्या. डोक्यावरचा उपटू नका. तो शांपूच्या पाण्यात धुऊन तेलकटपणा काढा. जाड पुठ्ठा उभा करा. केसाचे वरचे टोक पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने लावा. खाली एक हलकी काडी टाचणीवर अशी बसवा, की ती सहज फिरेल. टाचणीपासून दीड सेंटिमीटरवर केसाचे खालचे टोक काडीला बांधा. टाचणीपासून काडीचे लांब टोक पंधरा सेंटिमीटर दूर ठेवा. केस ताठ राहावा म्हणून, केस बांधला त्याच बाजूला, काडीवर मातीची लहानशी गोळी लावा. वीस सेंटिमीटरचा केस फार तर चार-पाच मिलिमीटर लांबतो, पण काडीचे टोक त्याच्या दहापट हलते. केस बांधल्याच्या बाजूलाच लांब टोक ठेवले, तर हवा दमट झाल्यावर ते खाली येईल. पुठ्ठ्यावर रोज एक रेघ मारा.

आम्ही कोणाचा केस घ्यावा यावर बरीच चर्चा झाली. जाड केसापेक्षा बारीक केस ओलावा लवकर घेतो, म्हणून त्या मुलीचा केस निवडला. मेच्या सुट्टीत तो पुठ्ठा वर्गाच्या खिडकीत तसाच राहिला. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी आकाश निरभ्र होते. प्रार्थना संपल्यावर ती धावत खिडकीपाशी गेली. काडी एप्रिलच्या रेघेच्या बरीच खाली उतरली होती. "मॅडम," ती म्हणाली, "छत्री आणली आहे ना?"

स्वाध्याय

१. 'बारीक केस' आणि 'विरळ केस' यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. पुण्यातील एका इमारतीला 'शिमला ऑफिस' हे नाव का पडले?
३. मुलीच्या अम्मीचे बोलणे ऐकून शिक्षिकेजवळ उत्तर का नव्हते?
४. पुढील शब्द उर्दू आणि मराठी दोन्हींत आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा : हवा, मोसम, तारीफ, नुकसान.
५. 'बालंबाल बचावणे' आणि 'केसालाही धक्का न लागणे' या वाक्प्रचारांचे अर्थ मोठ्या माणसांना विचारा व लिहा.
६. आठ दिवस आर्द्रतामापकाच्या रेघा मारा. त्या आठ दिवसांत तुमचे केस कसे होते, तेही शेजारी लिहा.